शेणानं लिंपलेला टर्बो

...आणि वर मलाच म्हणतात, गाडीला दमा झालाय, वैदूकडं न्या. हसू नका, तुम्ही तरी हसू नका, गावानं हसून घेतलंय तेवढं पुरे आहे. तुम्हाला सांगतो, माणसानं आयुष्यात काहीही करावं. मोर्चात जावं, लाठी खावी, नामांतरासाठी सह्या गोळा करत हिंडावं आणि अर्ध्या भावकीनं बोलणं टाकलं तरी पारावरून मान ताठ ठेवून जावं... हे सगळं मी केलंय, त्याचं मला काही नाही. पण जुनी टर्बोची गाडी घेऊन गावात येऊ नये. कारण मोर्चात गेलात तर लोक विरोध तरी करतात. गाडी बिघडली की लोक मदत करतात.

गाडी म्हणजे काय, तर माझा मावसभाऊ बन्सीधर मस्कतला नोकरीला होता, तो परत येताना बोटीतून ती घेऊन आला. जपानी. लाल. दारं दोनच, उंची माझ्या कमरेएवढी, आणि तोंड असं पुढं काढलेलं की कोंबडीवर झडप घालायच्या आधीचं मांजर बघून घ्या. बन्सीधरनं ती दोन पावसाळे परभणीत मिरवली, मग एक दिवस तिनं जोर धरायचं सोडून दिलं आणि त्यानं ती मला देऊन टाकली. फुकट. आता मावसभाऊ एखादी वस्तू फुकट देतो तेव्हा माणसानं जरा थांबून विचार करायचा असतो की नाही? पण थांबणं माझ्या रक्तातच नाही. मी म्हटलं, बन्सी, ही गाडी आता जनतेच्या कामाला लागणार. तो म्हणाला, "लाव बाबा, कशालाबी लाव, पण माझ्या दारातून ने."

जनतेचं काम कोणतं, ते नीट ऐका, कारण सगळं घोडं तिथंच अडलं होतं. माझा थोरला भाऊ भुजंगदादा, त्याची बायको मनकर्णा वहिनी. वहिनीला सातवा लागला होता. मागच्या खेपेला काय झालं होतं... आमचं गाव बोरीपासून आत, फाट्यापर्यंत कच्चा रस्ता, दिवसाला दोन एसट्या, आणि कळा सुरू झाल्या तेव्हा दोन्ही निघून गेलेल्या. बैलगाडी जुंपली. बोरीच्या अलीकडं, ओढ्यापाशी... लेकरू राहिलं नाही. वहिनी त्याविषयी बोलत नाही. घरात कुणीच बोलत नाही. मग बोललं कोण? मी. सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं की ह्या खेपेला वहिनीला परभणीच्या दवाखान्यात मी नेणार, ह्या गाडीतून नेणार, अर्ध्या तासात नेणार. आणि पुढं गावातल्या प्रत्येक बाईसाठी ही गाडी दारात उभी राहणार.

आमचे वडील, अप्पा, बिडी विझवत म्हणाले, "आधी इद्यापीठाचं नाव बदलायला निघालास. मग हुंडा बंद करायला निघालास. दोनी जागच्या जागी हायत. आता ही गाडी."

अर्धा तास म्हणालो मी, आणि गाडी तर चाळीसच्या पुढं जाईना. म्हणजे सुरू व्हायची झकास, एका किल्लीत. चाळीसपर्यंत गुणी सुनेसारखी चालायची. मग जरा पाय दाबला की बॉनेटखालून फुस्सऽऽ... मागून काळा धूर... आणि गाडी अशी बसायची की रुसलेली म्हैस बरी. एकदा तर एक दूधवाला सायकलला कॅन अडकवून फाट्यापर्यंत माझ्या शेजारून गप्पा मारत आला. गप्पा मारत. मी गाडीत, तो सायकलवर. निरोप घेताना विचारतो, "सायेब, ढकलू का जरा? का अशीच असती ही?"

आता टर्बो म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायलाच पाहिजे, मी गावात सगळ्यांना सांगितलं, ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही सांगितलं. लोहाराचा भाता बघितलाय ना? हा तसाच भाता, फक्त हलवायला माणूस नाही. इंजिनाचा जो धूर वाया जातो, त्या धुरानं एक पंखा फिरतो, आणि तो पंखा दुसऱ्या बाजूनं हवा कोंबून कोंबून इंजिनात भरतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. जे बाहेर फेकलं त्याच्याच जोरावर पुढं जायचं... मला तर त्यात अख्खी समाजक्रांती दिसायची, खोटं कशाला बोलू. पण ती कोंबलेली हवा पंख्यापासून इंजिनापर्यंत जाते रबरी नळ्यांतून. एखादी नळी चिरली, एखादा सांधा ढिला झाला, की हवा मधल्या मधे पसार. पेट्रोल मात्र येतं पूर्ण हवेच्या हिशेबानं, म्हणून तो काळा धूर. बी.एस्सी. फिजिक्स, दुसरा वर्ग, मी हे एका बैठकीत ओळखलं. रोग कळला. पण हवा जाते कुठून?

हे विचारायला मी परभणीला एका उस्तादाकडं गेलो. मोठा नावाजलेला माणूस, जिपा, ट्रक, काय म्हणाल ते उघडलेलं. त्यानं बॉनेटखाली डोकं घातलं ते बराच वेळ बाहेरच काढेना. मला वाटलं, सापडलं. मग आतूनच आवाज आला, "मियाँ, इसमें इंजन किधर है?" म्हटलं, हे काय, समोर. "ये? मैं समझा पाइपाँ का गोदाम है." मग त्यानं चहा मागवला, प्रेमानं खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मेरा सुनो. ये टर्बो-बिर्बो सब निकाल के फेंको, अंबासडर का कारबोरेटर बिठा देता मैं. आराम से चलती, बूढ़ी औरताँ के माफक." मी म्हटलं, उस्ताद, तत्त्वाचा प्रश्न आहे, फेकायचं काही नाही, फक्त सांगा हवा जाते कुठून. तो म्हणाला, "हवा है साहब, किधर से बी जाती. उसको कौन रोक्या आज तक?"

परत आलो. चाळीसच्या वेगानं.

आता प्रवेश करतात आमचे शेजारी, आश्रुबा काका. कुणाच्या विहिरीवरचं इंजिन पाणी उचलेना झालं की पहिली हाक काकांना, असा माणूस. पांढरं धोतर, पांढरा फेटा, आणि फेट्यापेक्षा पांढऱ्या मिशा. त्यांनी गाडी सुरू करायला लावली, मान तिरकी केली, डोळे मिटले आणि सांगितलं, "हवा धरायलीय."

मी म्हटलं, "काका, धरत नाही, सोडते."

"एकच की रे बाबा. हवा ती हवा."

"मग उपाय?"

"शेण."

हसू नका. ह्यात शास्त्र आहे. विहिरीतून पाणी ओढणाऱ्या पाइपाला बारीक चीर पडली की पंप पाण्याच्या जागी हवा ओढतो, आणि नुसताच कोकलतो. मग आमच्याकडं काय करतात, शेण आणि काळी माती कालवायची, सांध्या-सांध्यावर लिंपायची. पंपच ती आत ओढून घेतो, चीर बुजते, पाणी सुरू. ह्या हातांनी मी स्वतः लिंपलंय. आणि मी तेव्हा नुकताच एका युवक शिबिरातून आलेलो. शिबिराचं सूत्रच होतं, खेड्यात जा आणि लोकांकडून शिका. मी तर आधीच खेड्यात होतो, माझं अर्धं काम झालेलं. मी अंगणात उभा राहून भाषणच केलं. हे लोकांचं विज्ञान आहे, पुस्तकी माणसानं ह्यापुढं नम्र व्हायला पाहिजे, जपानच्या यंत्राला आमची माती उत्तर देईल, वगैरे वगैरे. वहिनी ओसरीवर डाळ निवडत बसली होती. तिनं वर न बघता विचारलं, "भाऊजी, जपानात म्हशी असतेत का?"

म्हशीचं नव्हतंच ते. गाईचं, ताजं. काकांनी सकाळभर बसून लिंपलं. काय हात त्या माणसाचा, एकेक नळी, एकेक सांधा, चुलीला पोतेरा फिरवावा तसा गुळगुळीत. आई कौतुकानं बघत म्हणाली, "एवढं सारवलंच हाय तर दोन बोटं हळदकुंकू लावू का?" मी म्हटलं, आई, ही प्रयोगशाळा आहे. पाठ वळवली तर तिनं लावलं.

दुसऱ्या दिवशी शेण वरून वाळून खडखडीत, आतून अजून ओलं. आता परीक्षा. पण उभ्या गाडीत नुसतं इंजिन घुमवून टर्बो पुरता जोर धरत नाही, इंजिनावर ओझं पाहिजे. हे मला माहीत होतं. बघा, हे माहीत होतं. म्हणून मी चार माणसं मागं लावली, दादा, गल्लीतला लिंबाजी आणि आणखी दोघं, त्यांनी मातीत पाय रोवून गाडी मागून धरायची, पोळ्याला मारका बैल धरावा तशी. बॉनेट उघडं. काका समोर वाकून सांध्यांवर नजर ठेवून. मी आत. पहिला गिअर, क्लच अर्धा, पाय दाबला. गाडी थरथरायला लागली, मागं चौघं ओरडायले, "सुटली, सुटली, धर रे," पंख्याची शिट्टी वर वर चढायली, मी मनात म्हणतो, हीच ती क्रांती...

फाट्.

मागच्या चौघांवर काळा धूर. पुढं काकांवर शेण. म्हणजे थोडंफार नाही, एक अख्खं ढेकूळ, कोंबलेल्या हवेच्या पुऱ्या ताकदीनं, हळदकुंकवासकट. मी इंजिन बंद केलं. मागं चार माणसं काळी, समोर एक हिरवं, आणि मधे इस्त्रीच्या शर्टात मी एकटा स्वच्छ. काकांनी एका बोटानं एक डोळा मोकळा केला, त्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "लय जोर हाय बघ हिच्यात."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. पंप ओढतो. टर्बो ढकलतो. पंपाची चीर शेण आत घेते, टर्बोची चीर शेण तोंडावर मारते. दिशा. फिजिक्सच्या पहिल्या धड्यात असते ती, दिशा. दुसरा वर्ग म्हटलं ना मी तुम्हाला? तिसराच द्यायला पाहिजे होता.

पण थांबा, अक्कल अजून संपलेली नाही. मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की मी तडक पंपाचा पाइप ओढून आणला आणि इंजिन धुऊन काढलं. कानाकोपरा. ब्रशनं. एक कण शिल्लक ठेवला नाही. शेवटचा हात पुसत होतो तेव्हा दादा काळ्या तोंडानं जवळ आला आणि विचारलं, "लेका, कुठल्या सांध्याचं शेण उडालं, बघून ठेवलंस ना?"

...

बरोबर. जिथलं शेण उडालं तिथंच चीर. बाकी सगळं जागच्या जागी होतं, काकांनी अंगावर घेऊन उत्तर काढून दिलं होतं, बोट दाखवून, स्वच्छ. आणि मी ते मोरीतून वाहून जाऊ दिलं. हवा जाते कुठून? आता विचारा की मोरीला. पुन्हा लिंपा म्हटलं तर काका म्हणाले, "लिंपतो की. म्होरं तू उभा राह्य."

इकडं दिवस काय थांबणार होते? आठवा सरला, वहिनीचे पाय सुजले. सुईण तानुबाई, आमच्या आईच्या वयाची बाई, अर्धं गाव तिच्याच हातावर आलेलं, ती येऊन पोटाला हात लावून गेली. जाताना मला म्हणाली, "बाबा, मागचं ध्यानात हाय ना? ह्या बारीला माझ्या एकटीच्यानं व्हायचं न्हाई. डागदरच पायजे. तुझ्या त्या गाडीचं काय ते आटप." आणि मग एका दुपारी मी गाडीखाली उताणा पडलेला, तर शेजारी वहिनीचे पाय येऊन थांबले. सुजलेले. नुसते पायच दिसत होते मला. वरून आवाज आला, "भाऊजी, न्हाई झाली तरी चालल. मी काई म्हणणार न्हाई. पण व्हायची नसली तर आधी सांगा. आशेवर ठेवू नका."

मी खालून काहीतरी बोललो.

मग मात्र मी भाषण बंद केलं. खरंच बंद केलं, आई साक्षीला आहे. वनस्पती तुपाचा रिकामा डबा घेतला, त्याच्या बुडाला भोक पाडून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला, आणि टर्बोच्या तोंडावर तो डबा पट्ट्यांनी आवळला. आता त्या व्हॉल्व्हमधून पंपानं हवा भरायची आणि नळ्यांवर साबणाचं पाणी सोडायचं. जिथं बुडबुडा, तिथं चीर. पंक्चरवाला घमेल्यात ट्यूब बुडवतो तेच, फक्त अख्खी गाडी घमेल्यात मावत नाही म्हणून उलटं. पाहिलं की नाही, किती साधं? हे पहिल्याच दिवशी का नाही सुचलं? कारण पहिल्या दिवशी मी जनतेला टर्बो समजावून सांगत होतो.

घरातली साबणाची पावडर संपलेली. आईनं रिठे उकळून दिले. दादा सायकलचा पंप मारायला लागला, मी बादलीभर रिठ्याचं पाणी घुसळून घुसळून ओतलं, आणि बुडबुडे आले. सगळीकडं. नळ्यांवर, बॅटरीवर, दिव्यांवर, दादाच्या पायावर. मी ओरडलो, "सापडलं!" वहिनी म्हणाली, "काय सापडलं? फेस तर सगळीकडंच हाय. गाडीला न्हाऊ घालायलाव का?"

रिठ्याला फेस येतो, हे मला कुठल्या वर्गात शिकवायला पाहिजे होतं, तुम्हीच सांगा.

बसलो मग गप्प. दादा पंप मारतोय, घामानं निथळतोय, मला शिव्या देतोय, आणि फेस हळूहळू बसायला लागला. सगळीकडचा बसला. एका जागी बसेना. खाली, डाव्या दिव्याच्या मागं, हात जेमतेम जाईल अशा बोळात, एकामागून एक बुडबुडा... फुगतोय, फुटतोय, फुगतोय, फुटतोय. मी हात घातला. हाताला काय लागलं असेल? सुतळी. मस्कतहून आलेल्या जपानी गाडीच्या नळीला, आमच्या बन्सीधरनं, सुतळी गुंडाळून गाठ मारलेली. निरगाठ. आणि सुतळीखाली नळी बोटभर चिरलेली. हवा जात होती तिथून. इतके दिवस. मी त्या सुतळीकडं असा बघत राहिलो, जसा काही एखाद्या लेण्यातला शिलालेख.

सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून नळीवर ताणून गुंडाळल्या, वर दोन्हीकडून क्लॅम्प आवळले. क्लॅम्प कुणाकडचे? काकांच्या पंपाचे. काका गावभर सांगत सुटले, "शेवटी पंपाचंच सामान लागलं की. मी काय म्हनलो होतो?"

आणि गाडी... काय सांगू तुम्हाला. बोरीच्या डांबरी रस्त्यावर काढली, पाय दाबला, एक क्षण काही नाही, आणि मग पाठीत कुणीतरी दोन्ही हातांनी ढकलावं तशी सुटली. शिट्टी वाजवत. झाडं मागं, ट्रक मागं, तो दूधवाला मागं, मी त्याला हात केला पण तोवर तो आरशात सुद्धा राहिला नाही. डोळ्यांत पाणी आलं हो. हवा जाते कुठून? कुठूनच नाही. घरी येऊन वहिनीला म्हटलं, "वहिनी, आता सांगतो. झाली." ती हसली. पहिल्यांदाच मला वाटलं, तिनं विश्वास ठेवला.

त्याच आठवड्यात, झुंजूमुंजू व्हायच्या सुमाराला कळा सुरू झाल्या. मी तयारच. एका किल्लीत इंजिन सुरू, गाडी अंगणात, दार उघडून उभा, सरदारासारखा. तानुबाई वहिनीला धरून हळूहळू घेऊन आली. वहिनी दारापाशी थांबली. आत बघितलं. मीही आत बघितलं. आणि खरं सांगतो, त्या घडीपर्यंत, त्या गाडीत मी शेण घातलं, माती घातली, रिठे घातले, सायकलची ट्यूब घातली, पण माझ्याशिवाय एक माणूस बसवून बघितला नव्हता. मापं घेतली ती सगळी नळ्यांची.

सीट कुठं, तर जमिनीपासून वीतभर. बसायचं म्हणजे बसायचं नाही, निजायचं, तेही गुडघे छातीशी घेऊन. नऊ महिन्यांचं पोट घेऊन वाकायचं कसं? एक पाय आत घालून बघितला, पोट दाराला. पाठमोरी होऊन बघितलं, डोकं छताला. मागच्या सीटवर जायचं तर पुढचं सीट दुमडून त्या फटीतून सापासारखं सरपटायचं, आणि मागं जागा पायलीभर ज्वारी मावेल एवढी. तानुबाई माझ्या अंगावर खेकसली, "गाडी हाय का कोंबड्याचं खुराडं?" मी म्हणतोय, वहिनी, जरा तिरकं, जरा अजून तिरकं... वहिनीनं एक कळ सोसली, छताला धरून उभी राहिली, श्वास घेतला आणि म्हणाली, "भाऊजी, ह्याच्यात बसायला आधी बाळंत व्हावं लागल."

एवढ्यात दादा पारावर पळालाही होता. मुक्कामाची एसटी निघायच्या बेतात उभी, ड्रायव्हर कडुलिंबाची काडी चावतोय. त्यानं काडी फेकली, एसटी घरापर्यंत आणली, गल्लीतून, दोन्ही बाजूंच्या भिंतींना घासत. कंडक्टर तात्याराव स्वतः खाली उतरला. पुढचं लांब बाकडं रिकामं झालं, वर कुणाची तरी वाकळ अंथरली, वहिनी दोन पायऱ्या चढून सरळ आडवी झाली. आई, दादा, अप्पा, तानुबाई, सगळे वर. तात्यारावनं बेल दिली आणि म्हणाला, "आता परभणीलाच." मधे बोरी आली तर बोरीचे उतारू उतरले नाहीत. सगळे परभणीला गेले.

आणि मी? एसटी हलली तशी आईनं खिडकीतून डोकं काढून हाक मारली, "अरे, गाठोडं!" लुगडी, दुपटी, स्टोव्ह, डिंक, सगळं बांधलेलं गाठोडं ओसरीवरच राहिलेलं. मी उचललं आणि शेजारच्या सीटवर ठेवलं. कसं बसलं म्हणता... चपखल. जपान्यांनी गाठोड्याचंच माप घेऊन सीट केलं असावं. पट्टासुद्धा लावला त्याला.

मग निघालो. कच्च्या रस्त्याला एसटीची धूळ खात, डांबरीला तिचा धूर खात. पुढं काढता आली नसती का? शिट्टी मारून गेली असती हो, एका पायात. पण पुढं जाऊन करू काय? वहिनी तर मागंच होती ना, एसटीत. म्हणून एवढी ताकद, एवढी हवा, सगळी पायाखाली दाबून, एसटीच्या मागं मागं, मी आणि गाठोडं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा एसटी दाराशी आडवी लावलेली. वहिनी आत. आम्ही सगळे भिंतीला टेकून, मी गाठोडं काखेत मारून. अप्पांनी बिडी काढली, पेटवली नाही. मी फरशीकडं बघत होतो, मला ओढ्यापाशी थांबलेली ती बैलगाडीच दिसत होती. आणि मग आतून रडण्याचा आवाज आला. मुलगी. असा आवाज काढला तिनं, त्यात कुठंच गळती नव्हती. आई भिंतीला धरून खाली बसली आणि दादा तात्यारावच्या गळ्यात पडला, उतारूंना पेढे कुणी वाटले ते अजून कळलेलं नाही.

थोड्या वेळानं सिस्टर बाहेर आल्या. म्हणाल्या, "पेशंट कशातून आणलं?"

अप्पा म्हणाले, "यष्टीतून."

"मग बाहेर ती लाल गाडी कुणाची? हे कोण?"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग बिडी पेटवत म्हणाले, "हे व्हय? हे गाठोड्यासंगं आलेत."

मी म्हटलं, "हो सिस्टर. कुठं ठेवू?"